ओझं देऊन मोजा

३ मार्च, सोमवार

आजपासून ही वही. हौस म्हणून नाही, मास्तरीणबाईंचा हुकूम आहे. "रोज जे मोजाल ते लिहा. आकडा आठवणीत ठेवू नका, आठवण लबाड असते." एकाने विचारलं, वही तपासणार का? म्हणाल्या, नाही. म्हणजे काय लिहायचं ते माझं मी ठरवणार. आणि आज काहीच मोजलं नाही, तेव्हा स्वतःबद्दलच लिहितो.

मी डिझेलवाला. ट्रक, टिपर, क्रेन, जे जे जड ते सगळं. तेहेतीस वर्षं झाली गॅरेजला, मी आणि माझा मेव्हणा मिळून चालवतो. मला सगळे कानसेन म्हणतात. गाडी फाटकातून आत यायच्या आधी मी सांगायचो, तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतोय. लोक पैजा लावायचे आणि हरायचे.

पण आता इंजिनं बदलली. इंजिनाच्या कुशीला ॲल्युमिनियमचा एक चपटा डबा बसवलेला असतो. किती डिझेल सोडायचं, कधी सोडायचं, सगळे हुकूम त्याचे. कंपनीवाले त्याला कंट्रोल मॉड्यूल म्हणतात, आम्ही डबाच म्हणतो. जुनी इंजिनं मोकळ्या गळ्याने बोलायची. ही नवी ओठ मिटून गुणगुणतात. जानेवारीत एका टिपरच्या बाबतीत मी दोनदा चुकलो. दोनदा! तिसऱ्या वेळी तो मालक आलाच नाही. 

म्हणून हा सहा आठवड्यांचा वर्ग. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी दोन तास. डब्यांची विजेची तपासणी. वर्गात सोळा जण, त्यात मी सगळ्यांचा आजोबा. नाव नोंदवायला हिनेच मागे लागून पाठवलं.

६ मार्च, गुरुवार

बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. माझ्या वयाचा मान ठेवला असणार. त्या तिशीतल्या, आधी जहाजांच्या इंजिनांवर होत्या. हाताच्या नखांत ग्रीस आहे, म्हणजे बाई खऱ्या. एकच खोड, फळ्याकडे तोंड करून पुटपुटतात. पण मग वळून माझ्याकडे बघतात आणि तेच वाक्य फळ्यावर लिहितात. अक्षर मोत्यासारखं. बाकीच्यांना लिहून घ्यायचा कंटाळा येतो, मला बरंच वाटतं.

आजचं मोजमाप: वर्गातली बॅटरी, २५.२ व्होल्ट.

७ मार्च, शुक्रवार

ही दुपारी खिडकीशी शिवत बसली होती. मी बाजूलाच पुस्तक वाचत होतो. एकदम म्हणाली, "खात्री कुठे गेली कुणास ठाऊक. सकाळी तर होती."

मला जरा लागलं. म्हटलं, "माझी खात्री जागच्या जागी आहे. सहा आठवड्यांत बघ काय करून दाखवतो ते."

ही माझ्याकडे बघतच राहिली. मग "बरं" म्हणाली, उठली, आणि सगळे खण उघडून काहीतरी शोधायला लागली. दोरा शेवटी दातांनी तोडला. मनात काय चाललंय ते ही सरळ सांगत नाही. आणि बोलली तरी कुजबुजल्यासारखं. शाळेच्या ग्रंथालयात उभी हयात गेली, आवाज चढवायची सवयच नाही.

१० मार्च, सोमवार

आज वर्गात मजा आली. बाई म्हणाल्या, डबा आपल्या सेन्सरना पाच व्होल्टचा खाऊ वाटतो. तेलाचा दाब मोजणारा, हवेचा दाब मोजणारा, पायाच्या पॅडलचा, सगळे एकाच ताटात जेवतात. एखादा आतून फुटला की सगळा खाऊ तोच गिळतो. मग बाकीचे उपाशी आणि डबा सहा जणांच्या नावाने बोंब मारतो. लोक सहाही बदलतात, तरी गाडी बंद ती बंदच. शेवटी म्हणतात, डबाच गेला.

"मग काय करायचं?" मी विचारलं.

बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "काका, एकेकाचं ताट ओढून घ्यायचं. ज्याचं ओढल्यावर पाच व्होल्ट परत येतात, तो चोर."

असं शिकवणारं कुणी मला विशीत भेटलं असतं तर!

१३ मार्च, गुरुवार

चोर सापडला!

खडीचा ट्रक आला होता, दुसरीकडे डबा बदलायचा सल्ला मिळालेला. स्क्रीनवर सात तक्रारी. मी मीटर लावला, पाचाच्या जागी ०.४ व्होल्ट. एकेक सेन्सरचा प्लग काढत गेलो. पहिला, दुसरा, तिसरा, आकडा ढिम्म. चौथा, तेलाच्या दाबाचा. काढला मात्र, आकडा उडी मारून ४.९८! मी असा ओरडलो की मेव्हण्याच्या हातातला पाना पडला.

तेवढ्यात ट्रकवाला आला आणि त्याने मेव्हण्याला विचारलं, "काय झालं?"

मेव्हणा म्हणाला, "काही नाही, आमच्या भावोजींनी डबा न उघडताच दुखणं काढलं. डबा उघडलाय तो जेवणाचा." खरंच की, हिने दिलेला डबा तिथेच बाकावर उघडा पडला होता, आणि मी जेवायचा राहिलो होतो.

ट्रक सुरू झाला. मी म्हटलं, जा घेऊन. मेव्हणा म्हणाला, थांबा, आणि परत बॉनेटवर वाकून दोन मिनिटं कान देऊन ऐकत राहिला. हल्ली माझ्या हातून गेलेली प्रत्येक गाडी तो अशी ऐकतो. फोनही मला उचलू देत नाही, स्वतःच धावतो. वय झालं की माणूस संशयी होतो. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे तरी.

१४ मार्च, शुक्रवार

दाराची घंटी बिघडली. शेजारीण दहा मिनिटं बाहेर उभी होती म्हणे. ही बाजारात गेली होती, मी घरातच होतो. बॅटरी बदलली. ही म्हणते घंटी चांगली आहे. चांगली असती तर वाजली नसती का?

१७ मार्च, सोमवार

आजचा धडा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बाईंनी एक जाड वायर आणली. आतल्या सगळ्या तारा कापलेल्या, एकच शाबूत. मीटर लावला, २५ व्होल्ट पूर्ण. वर्ग म्हणाला, वायर उत्तम. मग बाईंनी त्याच वायरवर हेडलाइटचा बल्ब जोडला. बल्ब मेल्यासारखा लाल झाला, आकडा कोसळला ७ वर.

"वायरला बसल्याजागी विचारलंत तर ती म्हणणार, मी धडधाकट आहे. ओझं द्या, मग विचारा." हे फळ्यावरही लिहिलं. मी वहीत दोनदा लिहून घेतलं: ओझं देऊन मोजा.

आणखी एक म्हणाल्या. तीन मीटर एक आकडा दाखवत असतील आणि चौथा वेगळा, तर तिघांशी भांडू नका, चौथा तपासा. सगळे हसले. मीही हसलो.

आज ऑसिलोस्कोपही हाती घेतला. इंजेक्टरची तार जोडली की पडद्यावर लाट उमटते. जे मी आयुष्यभर कानाने ऐकलं ते डोळ्यांनी दिसत होतं. सगळे घरी गेले तरी मी बघत बसलो. शेवटी बाईंनी दिव्याचं बटण दोनदा दाबलं तेव्हा कळलं, त्या मला निघा म्हणत होत्या.

२० मार्च, गुरुवार

मेव्हणा बाहेर गेला होता म्हणून फोन मी घेतला. अग्निशमन केंद्राचे साहेब होते. म्हणाले, आमचा पंप बघायचाय. डिझेल पंप म्हणजे माझं माहेर. पंपाची सगळी हत्यारं, पंप तपासायचा जुना स्टँडसुद्धा स्कूटरवर बांधून पोचलो.

साहेब म्हणाले, "काका, हे एवढं कशाला?"

"पंप म्हणालात ना?"

"बंब म्हणालो! बंब!"

मागे पाच जवान हसून लोळायचे बाकी होते. मीही हसलो. त्यांची फोनची लाइन फारच खराब आहे, दुरुस्त करून घ्या म्हणून सांगितलं.

आता बंबाची गोष्ट. गावात दोन आहेत, छोटा आणि मोठा. शिडी आणि सहा हजार लिटरची टाकी मोठ्यावरच. तो मोठा दोन महिन्यांपासून मधेच मरतो. गेल्या महिन्यात टेकडीवरच्या वस्तीत एका सुताराच्या शेडला आग लागली, तर हा चढाच्या मध्यावर बंद. जवानांनी पाइप खांद्यावर घेऊन धाव घेतली. शेड गेलीच, माणसं वाचली. कंपनीच्या माणसाने निदान केलं: डबा खराब, नवीन यायला आठ आठवडे.

"आठ आठवडे आग थांबणार आहे का?" साहेब म्हणाले. हसरा माणूस, पण हे म्हणताना हसले नाहीत. "तुम्ही खडीचा ट्रक बरा केलात असं कानावर आलं."

मी हो म्हणालो. परत येताना स्कूटर हळू चालवली, थोडी स्टँडच्या वजनाने आणि थोडी भीतीने. माझ्या चुकीने टिपर बंद पडला तर खडी उशिरा पोचते. इथे तसं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

बंब गॅरेजच्या अंगणात आलाय. एवढा लाल की आमच्या काळ्या अंगणात लग्नघरची पाहुणी आल्यासारखा दिसतो. रस्त्यावरची अर्धी पोरं फाटकाला लटकलेली.

डब्याच्या प्लगवर मोजलं. किल्ली चालू, इंजिन बंद: २५.१. दुसऱ्या पिनवर २५.१. अर्थिंगची तार उत्तम. पाच व्होल्ट जागेवर. इंजिन सुरू केलं, पाऊण तास चाललं, मेलं नाही. सगळं ठीक. म्हणजे डबाच?

२२ मार्च, शनिवार

मेव्हण्याशी भांडण. तो म्हणतो, "भावोजी, कंपनीने हात टेकले. आपण कशाला निखारा पदरात घ्यायचा? उद्या परत चढावर मेला तर आपलं नाव."

मी म्हणालो, "तुझा माझ्यावर विश्वास उरला नाही."

तो काहीतरी म्हणाला. नीट कळलं नाही, मान खाली घालून बोलत होता. मी मान डोलावली आणि निघून आलो. हल्ली असं बरेचदा करतो, हे इथे कबूल करतो. प्रत्येकाला 'काय?' विचारत बसलं की लोकांचा चेहरा आंबट होतो.

२४ मार्च, सोमवार

बाईंना माझे आकडे दाखवले. त्यांनी वाचले, पेन्सिल घेतली आणि पानाच्या खाली तीन शब्द लिहिले: "बसल्याजागी विचारलंत ना?"

माझे कान लाल झाले. सतरा तारखेला दोनदा लिहून घेतलं आणि एकवीसला विसरलो!

२५ मार्च, मंगळवार

डब्याचा प्लग काढून वीज आणणाऱ्या पिनवर हेडलाइटचा बल्ब लावला. बल्ब पिवळा पडला. आकडा: ११.३.

डबा निर्दोष आहे. बिचारा उपाशी आहे! सपाटीवर थोडक्यात भागतं, चढावर इंजेक्टर जास्त मागतात, तेव्हा वीज पुरत नाही आणि डबा डोळे मिटतो. वायर कुठेतरी कुजली आहे. कुठे? बॅटरीपासून डब्यापर्यंत नऊ मीटर, सगळी नळीत, टाकीखालून, पंपाच्या पत्र्यामागून.

मेव्हण्याला बोलावून बल्ब दाखवला. त्याने बल्ब बघितला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. भांडण मिटलं. आमची भांडणं अशीच मिटतात.

२७ मार्च, गुरुवार

हा दिवस नीट लिहायला हवा.

बेत असा. किल्ली चालू ठेवायची, मी गाडीखाली पडून नळी हातभर हातभर हलवत जायचं. जिथे वायर कुजली असेल तिथे हलवलं की डब्याची वीज तुटेल आणि केबिनमधला रिले, म्हणजे विजेचा छोटा खटका, टिकटिक करेल. रिले ऐकायला केबिनमध्ये कुणीतरी हवं. मेव्हण्याकडे फाटकापाशी गिऱ्हाईक होतं. तेवढ्यात ही डबा घेऊन आली, जेवणाचा. म्हटलं, बस वर. टिकटिक ऐकलीस की हाक मार.

ही पदर खोचून बंबाच्या केबिनमध्ये चढली आणि चालकाच्या जागी अशी बसली, जणू जन्मभर आगी विझवत आली आहे.

मी सुरुवात केली. बॅटरीपासून पुढे. टाकीखाली. पंपाकडे. काही नाही. परत पहिल्यापासून. परत काही नाही. तिसऱ्या फेरीला कुणीतरी माझा बूट धरून ओढला. बघतो तर ही, चेहरा लालबुंद, गुडघ्यावर बसलेली.

"तीनदा ओरडले! घसा बसला माझा!"

"गाडीखाली आवाज पोचत नाही गं. एवढं लोखंड मधे."

फाटकापासून मेव्हण्याचा आवाज आला. त्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरले होते. "भावोजी, मला इथे ऐकू येतंय. ताईपण आणि रिलेपण!"

फाटक तिथून वीस पावलं.

गिऱ्हाईक आपल्या चपला बघत होतं. मग हिने पिशवीतून ग्रंथालयातल्या गठ्ठ्यांची सुतळी काढली, एक टोक माझ्या घोट्याला बांधलं, दुसरं स्वतःच्या मुठीत घेतलं आणि वर चढली. "टिकटिक झाली की ओढते," एवढंच म्हणाली. हे मला स्पष्ट ऐकू आलं, कारण ती माझ्याकडे बघून बोलली.

पंपाच्या पत्र्यामागे हात गेला, नळी हलवली, आणि पाय असा खेचला गेला की डोकं पत्र्यावर आपटलं. पुन्हा हलवली, पुन्हा ओढ. मुद्दाम तिसऱ्यांदा हलवली. हिने एवढ्या जोरात ओढलं की बूटच निघाला.

पत्रा खोलला. रबराच्या भोकाशेजारी काळी पट्टी, बाकीपेक्षा चकचकीत. कुणीतरी केव्हातरी भोंग्यासाठी तिथून वीज चोरली होती आणि वर पट्टी गुंडाळून मोकळा झाला होता. पट्टी सोडली. आत हिरवी पूड. वायरमध्ये एकोणीस तारा असायला हव्यात, दोनच उरल्या होत्या.

नवी वायर घातली, सोल्डर केलं, नळी चढवली. बल्ब लावला. डोळे दिपले. २४.८.

मेव्हणा नाचला. ही टाळ्या वाजवत होती. साहेबांना फोन मेव्हण्याने केला. मी एका पायात बूट घालून उभा होतो, आणि मला वीस पावलं दिसत होती.

वर्गाला गेलो नाही.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी मीटर घेऊन दाराच्या घंटीपाशी स्टूलवर चढलो. हिला म्हटलं, बाहेर जा आणि बटण दाब.

व्होल्ट ९.१. बरोबर. बटण दाबलं की करंट वाहतो. बरोबर. घंटीच्या वाटीवर बोट ठेवलं. वाटी थरथरत होती. बोटाला कळत होतं.

वीज ठीक. तार ठीक. घंटी ठीक. ही म्हणते वाजते, शेजारीण म्हणते वाजते, माझं बोटसुद्धा म्हणतं वाजते. तीन मीटर एक सांगतात.

स्टूलवरून उतरलो आणि दार उघडलं. ही अजून बटण दाबून उभी होती.

"बिघाड सापडला," मी म्हटलं.

"कुठे?"

मी कानावर बोट ठेवलं.

ही पायरीवरच बसली. मला वाटलं रडते, तर हसत होती. मग खरंच थोडं रडली. मी शेजारी बसलो. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. टिपरचा बिघाड डब्याचा नव्हता, इंजेक्टरचीच बारीक किटकिट होती, मला ती ऐकूच आली नव्हती. मेव्हण्याने फोन का घेतला, गाड्या परत का ऐकल्या. आणि मास्तरीणबाई! हिने वर्ग सुरू व्हायच्या आधीच त्यांना जाऊन सांगितलं होतं, पहिल्या बाकावर बसवा, तोंडाकडे बघून बोला, जमेल ते लिहा.

"मला का नाही सांगितलं?"

"कसं सांगणार? लोक तुम्हाला हाकच कानाच्या नावाने मारतात." मग म्हणाली, "आणि त्या दिवशी मी कात्री शोधत होते. कात्री!"

मी रागावलो. इथे खरं लिहायचं असं ठरलंय, म्हणून लिहितो: फार रागावलो. सगळे मिळून मला बोट धरून चालवत होते आणि मला वाटत होतं मी एकटा चालतोय. राग साधारण पाच मिनिटं टिकला. मग कात्री आठवली आणि मला एवढं हसू आलं की शेजारीण खिडकीत आली.

३१ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे. बाई आहेत, फार चांगल्या. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं.

नंतर कागद दाखवला. डावीकडे रेघ वर, खालचे जाड आवाज ठीक. उजवीकडे, बारीक आवाजांकडे, रेघ घसरत खाली.

"हा तर ड्रॉप आहे!" मी म्हटलं.

"कसला ड्रॉप?"

मग मी त्यांना व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे ओझं पडलं की वीज कशी घसरते ते, समजावलं. वीस मिनिटं. बाहेर रांग लागली होती. त्या म्हणाल्या, स, त, क, फ ही अक्षरं त्या घसरणीवर बसतात, म्हणून शब्दाचे तुकडे पोचतात आणि बाकीचं डोकं स्वतःच जुळवतं. कारण? तेहेतीस वर्षं डिझेलचा आवाज, उघड्या कानांनी. ज्याचा एवढा अभिमान त्यानेच कान खाल्ले.

कानाची यंत्रं पुढच्या आठवड्यात मिळतील. मेव्हण्यासाठी येतानाच इअरमफ घेतले. तो म्हणाला, डोक्यावर पातेलं घातल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, दिसू दे.

संध्याकाळी वर्गात बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "चौथा मीटर तपासला." त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग फळ्याकडे वळल्या आणि बराच वेळ फळा पुसत राहिल्या. फळा कोराच होता.

८ एप्रिल, मंगळवार

यंत्रं मिळाली. दोन, शेंगदाण्याएवढी.

जग फार करकरतं! कागद करकरतो, माझी पँट करकरते, नळ शिट्टी घालतो. बाहेर पडलो तर पाखरांचा बाजार भरलेला. ही दिवसभर स्वतःशी बोलते. बहुतेक माझ्याबद्दल. "ओला टॉवेल परत गादीवर," "चष्मा डोक्यावर आणि शोधतायत खुर्चीखाली." मी पलीकडच्या खोलीतून "आणतो, आणतो!" म्हटलं तर दचकली. म्हणाली, "जरा वेळ ती यंत्रं काढून ठेवा बघू."

गॅरेजात मेव्हणा काम करताना गातो. बेसूर, अगदी मनापासून. तीस वर्षं गातोय म्हणे.

दुपारी एक ट्रक आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी डोळे मिटले, ऐकलं आणि म्हटलं, चौथा सिलिंडर. मग स्कोप लावला. स्कोप म्हणाला पाचवा. पाचवाच निघाला. मीच सगळ्यात जोरात हसलो. आता कानसेनाला साक्षीदार लागतो, आणि लागला तर लागू दे.

१० एप्रिल, गुरुवार

आज बंबाची परीक्षा. साहेबांनी आठवडाभर सपाटीवर पळवून बघितला होता, पण टाकी पूर्ण भरून टेकडीचा चढ चढल्याशिवाय त्याला आगीवर पाठवणार नाही, असं त्यांनी लिहूनच ठेवलं होतं. योग्यच आहे. ओझं देऊनच मोजायचं.

केबिनमध्ये चालक, म्हणजे मोठ्या मिशांचा एक शांत गृहस्थ, शेजारी मी, मांडीवर मीटर, तारा डब्यापर्यंत नेलेल्या. मागच्या बाकावर साहेब, मेव्हणा आणि ही. हिला साहेब म्हणाले, "काकू, सुतळी आणलीत ना?" ही म्हणाली, "आणलीय," आणि खरंच दाखवली.

चढ सुरू झाला. सहा हजार लिटर पाणी मागे ओढत होतं. २७.९. पहिलं वळण, २७.८. जिथे मेला होता ती जागा चालकाने मानेनेच दाखवली. गिअर खाली. इंजिन गुरगुरलं, पोटातून. मी आकड्यावरून डोळे हलवले नाहीत. २७.८. २७.८. केबिनमध्ये कुणी श्वास घेत नव्हतं, आता असलं मला ऐकू येतं. वळण मागे पडलं. २७.८.

मग माथा. चालकाने हात स्टिअरिंगवरून काढून मिशीवरून फिरवला आणि म्हणाला, "गेली की वर."

आम्ही सगळे उतरलो. खाली सुताराची शेड दिसत होती, नवी, पांढऱ्या फळ्यांची. सुतार स्वतः बाहेर येऊन दोन्ही हात हलवत होता. जवान छोट्या गाडीतून मागून आले होते. एकाने बंबाच्या टपावरची पाण्याची तोफ सुरू केली, फवारा पार आकाशात गेला. आणि वारा फिरला. सगळं पाणी आमच्यावर! मी घाईघाईने दोन्ही यंत्रं काढून डबीत घातली, डबी खिशात. साहेब भिजले, मेव्हणा भिजला, ही तर नखशिखांत, केस चेहऱ्याला चिकटलेले, आणि तोंड उघडून हसत होती. एकदम माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली.

नेहमीचा मी असतो तर मान डोलावली असती.

"काय?" मी ओरडलो.

ती परत म्हणाली. जवान बघायला लागले.

"काय म्हणालीस?"

ग्रंथालयात हयात गेलेली माझी बायको. तिने दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि सगळ्या टेकडीला ऐकू जाईल असं ओरडली, "खाली जाऊन परत एकदा वर येऊ या म्हणते!"

चालकाने साहेबांची परवानगी विचारलीच नाही. गाडीत जाऊन बसला आणि गाडी वळवली.